‘बॅकएंडवरून करून टाक’

ताई,

मी २९ वर्षांचा. मूळचा परभणी जिल्ह्यातला, सध्या पुण्यात. आमच्या कंपनीकडे शेतकऱ्यांसाठीच्या एका सरकारी योजनेच्या पोर्टलचं देखभालीचं कंत्राट आहे. पोर्टल बांधलं दुसऱ्याच कंपनीनं, मुदत संपली तशी ती निघून गेली. आमच्या हाती आला तो कोड आणि एक चाळीस पानी मॅन्युअल, ज्यातले निम्मे स्क्रीन आता पोर्टलवर नाहीतच. अडीच वर्षं हेच निस्तरतोय. शेवटच्या तारखेला साइट बसते, आम्ही रात्रभर जागतो, सकाळी मुदतवाढ येते, पुन्हा तेच. कोडमध्ये अशा काही अटी आहेत की हात लावायची भीती वाटते. टीम लीडला म्हटलं, सगळं फेकून नव्यानं लिहू. तो हसला.

मित्र प्रॉडक्ट कंपन्यांत गेले, पगार माझ्या दीडपट-दुप्पट. मुलाखतीत ‘गव्हर्न्मेंट प्रोजेक्ट, मेंटेनन्स’ म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो.

शेवटची गोष्ट. अधूनमधून कार्यालयातून फोन येतो, ‘अमुक अर्जाचं स्टेटस बदलायचंय, बॅकएंडवरून करून टाक,’ म्हणजे पोर्टलचा स्क्रीन टाळून थेट डेटाबेसमध्ये. टीम लीड मान डोलावतो, मी करतो. गेल्या महिन्यात माझ्या वडिलांचाच अर्ज नावातल्या फरकामुळे अडकला. डेटाबेसचा पासवर्ड माझ्याकडे आहे. एका ओळीचं काम. अजून केलेलं नाही. करू का? आणि नोकरी सोडू का?

— स., पुणे

---

प्रिय स.,

नोकरी, पगार, जुना कोड यावर तू दोन परिच्छेद लिहिलेस आणि खरा प्रश्न ‘शेवटची गोष्ट’ म्हणून खाली ढकललास. मी तिथूनच सुरू करते.

तो फोन मला ओळखीचा आहे. सरकारी संगणकाच्या खोल्यांत मी तीस वर्षं काढली. सुरुवातीला तर त्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे, देवघरासारखं. तेव्हाही हा फोन यायचा. फोन करणारा बहुतेक वेळा लबाड नसतो. समोर रडकुंडीला आलेला अर्जदार बसलेला असतो, स्क्रीनवर दुरुस्तीचं बटण नसतं, आणि पुण्यात एक मुलगा एका ओळीत काम करून देतो हे त्याला ठाऊक असतं. म्हणजे हेतू चांगला, माणूस चांगला, तूही चांगला. तरीही हे थांबव. कारण सांगायला जरा लांब जाते.

ब्रिटनमध्ये पोस्ट ऑफिसनं १९९९ पासून ‘होरायझन’ नावाची संगणक प्रणाली बसवायला घेतली. बनवणारी कंपनी फुजित्सू. तिथली छोटी पोस्टं चालवणाऱ्या लोकांच्या हिशेबात अचानक तूट दिसू लागली. ते सांगत राहिले की पैसे आम्ही घेतलेले नाहीत. उत्तर ठरलेलं : यंत्र बरोबर आहे, चोर तुम्हीच. नऊशेहून अधिक जण दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, काहींनी घरं विकून तूट भरली. सीमा मिश्रा यांना तर २०१० मध्ये गरोदर असताना तुरुंगात जावं लागलं. डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयानं स्पष्ट म्हटलं की प्रणालीत दोष होते. त्याच निकालात दुसरी एक गोष्ट पक्की झाली, आणि तुझ्यासाठी तीच जास्त मोलाची आहे. शाखेच्या हिशेबात कंपनीच्या लोकांना दुरून, पोस्टमास्तरला पत्ता न लागता बदल करता येत होता. असं काही शक्यच नाही, हे वर्षानुवर्षं सांगितलं गेलं होतं.

त्या कंपनीत दुरून हिशेब बदलणारे सगळे खलनायक होते, असं मला वाटत नाही. त्यातले बरेचसे तुझ्यासारखे असतील, सोमवारची तक्रार मंगळवारी मिटवणारे. पण माणसाच्या नावावरची नोंद त्याच्या पाठीमागे बदलते आणि तिची खूण कुठे राहत नाही, तेव्हा उद्या वाद झाला तर तो माणूस काय दाखवणार? त्याच्याकडे त्याचा शब्द, सरकारकडे संगणकाचा प्रिंटआउट. तिथे कोणाचं खरं धरतात ते तुला ठाऊक आहे.

तर उद्यापासून फोन आला की हसून म्हण, ‘साहेब, लगेच करतो, अर्ज क्रमांक आणि कारण तेवढं मेलवर टाका.’ निम्मे फोन इथेच आटतील, हे अनुभवानं सांगते. उरलेल्या बदलांसाठी डेटाबेसमध्ये एक वेगळा तक्ता कर. आधी काय होतं, आता काय झालं, कोणी केलं, कोणाच्या मेलवरून, किती वाजता. त्यातली ओळ कोणालाही पुसता येता कामा नये, तुलाही नाही. बदल तू लिहायचास, पण चालवायचा दुसऱ्यानं, तपासून. आणि महिन्याभरानं तो तक्ता उघडून बघ. एकाच प्रकारची दुरुस्ती वीस वेळा आलेली दिसली तर ती मागणी नियमबाह्य नाही, तुमच्या पोर्टलला ती खिडकीच ठेवलेली नाही. अधिकाऱ्याच्या लॉगिनला तो स्क्रीन करून द्या, त्याच्या सहीनं त्याला करू दे. मग तुझा फोन वाजायचं कारण उरत नाही.

टीम लीड कुरकुरेल. त्याला सांग की लॉग, म्हणजे यंत्रणेत काय कधी झालं याच्या नोंदी, १८० दिवस जपून ठेवा हे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं, सर्ट-इननं, एप्रिल २०२२ मध्येच सांगून ठेवलंय, त्यामुळे आपण काही जगावेगळं करत नाही आहोत. नियमाचा आधार दिला की टीम लीड लोकांना बरं वाटतं.

आता ‘सगळं फेकून नव्यानं लिहू’. तुझा टीम लीड हसला ते बरं केलं नाही, पण नाही म्हणाला ते बरोबर. ज्या अटींना हात लावायची तुला भीती वाटते, त्यातली जवळपास प्रत्येक अट हा एखादा शासन निर्णय असतो. अमुक तालुक्यांना मुदत सात दिवस जास्त का? त्या वर्षी तिथे पूर आला होता. सामाईक खातेदाराला संमतिपत्र या तारखेनंतर लागतं आणि आधी लागत नाही, ते का? मधे परिपत्रक निघालं होतं. कोड लिहिणाऱ्यानं कारण लिहिलं नाही, तो गेला, आणि आता ती अट भुतासारखी वाटते. नव्यानं लिहिशील तर यातल्या निम्म्या अटी गळतील आणि त्या कोणकोणत्या हे तुला अर्जदारांच्या तक्रारींवरून कळेल. त्यापेक्षा आठवड्याला दोन अटी घे. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णय शोध. प्रत्येकाच्या शेवटी लांबलचक संकेतांक असतो, तो कोडमधल्या त्या ओळीशेजारी टिप्पणीत लिही. ज्याला निर्णय सापडत नाही, त्याबद्दल कार्यालयाला लेखी विचार. वर्षभरात तुमच्याकडे असं मॅन्युअल तयार होईल जे कधी शिळं होत नाही, कारण ते कोडमध्येच बसलेलं असेल. आणि जो भाग खरोखर सडलाय, समजा फाइल अपलोड, तो तेवढाच बाहेर काढून नवा बसव. चाळीचा जिना बदलायला चाळ रिकामी करत नाहीत.

अमेरिकेचं हेल्थकेअर डॉट गव्ह, आरोग्य विम्याचं सरकारी पोर्टल, आठवतं का? तू तेव्हा शाळेत असशील. १ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झालं आणि पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण करू शकले फक्त सहा जण. प्रचंड खर्च, डझनावारी कंत्राटदार, आणि साइट चालू आहे की बसलीय हे एका जागी बघायची नीट सोयच नव्हती. ते पाडून नवं बांधलं नाही. मोजकी माणसं आणली, त्यांनी आधी मोजमाप दाखवणारा पडदा लावला, रोजच्या बैठका सुरू केल्या, आणि १ डिसेंबरपर्यंत बहुतेक लोकांना वापरता येईल इतपत ते रुळावर आणलं. त्यातली मला आवडणारी बारीकशी गोष्ट ही की कोंडी जिथे झाली ते दार बरंचसं अनावश्यक होतं. विमा योजना नुसत्या बघायलाही आधी खातं उघडायला लावत होते. सगळी गर्दी त्या एका दारात.

तुमच्याकडेही ‘पात्रता काय, कागदपत्रं कोणती, माझ्या अर्जाचं काय झालं’ एवढं बघायला लोक लॉगिन करत असतील, ओटीपी मागत असतील. ते सगळं लॉगिनच्या बाहेर काढ. शेवटच्या दिवशी निम्मी गर्दी अर्ज भरणारी नसते, ‘माझा गेला का’ हे पुन्हा पुन्हा बघणारी असते.

अजून एक सांगते, हे पुस्तकात मिळणार नाही. शेवटच्या तारखेला दुपारी तीनच्या सुमाराला डेटाबेसवरचा भार बघ. मला शंका आहे की साइट शेतकरी पाडत नाहीत. संध्याकाळच्या व्हीसीसाठी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्ससाठी, जिल्ह्याजिल्ह्यातून ‘आजअखेर किती अर्ज’ हा अहवाल त्याच वेळी काढला जातो आणि तो अहवाल सगळा तक्ता वरपासून खालपर्यंत चाळतो. आम्ही हे एकदा आठ महिने शोधत होतो. अहवालांसाठी डेटाबेसची वेगळी प्रत ठेव, दर पंधरा मिनिटांनी ताजी होणारी. साहेबांना पंधरा मिनिटं जुना आकडा चालतो.

करारातलं ‘९९ टक्के अपटाइम’, म्हणजे साइट चालू राहण्याचा वेळ, कधी गुणून बघितलंस? तीस दिवसांचे ७२० तास, त्याचा एक टक्का म्हणजे सात तासांहून थोडं जास्त. महिनाभर साइट अखंड चालली आणि शेवटच्या तारखेला संध्याकाळी पाच ते रात्री बारा बसली, तरी कंपनीला दंड नाही. कागदावर काम चोख! पुढचं कंत्राट लिहिताना मुदतीच्या शेवटच्या तीन दिवसांचा अपटाइम वेगळा मोजा, असं कार्यालयाला सुचवता आलं तर सुचव. तुझ्या कंपनीला आवडणार नाही हे मला कळतं.

सगळी कोंडी संगणकाची नसते, हेही ध्यानात ठेव. २८ एप्रिल २०२१ ला दुपारी चार वाजता अठरा वर्षांवरच्यांसाठी कोविनवर नोंदणी खुली झाली आणि पहिल्या काही मिनिटांत साइट अडखळली. ओटीपी येईनात. थोड्या वेळानं ती सावरली, पण लोकांना लस घ्यायची तारीख-वेळ मिळेना, कारण लसच पुरेशी नव्हती. त्यावर चांगला कोड लिहून उपाय निघत नव्हता. आणि मराठीतून कोविन उघडायला जून उजाडला. तोवर गावात ते कोणीतरी कोणासाठी तरी भरून देत होतं.

यावरून सेतू केंद्राकडे येते. तुझ्या गावाजवळच्या केंद्रात एक पूर्ण दिवस बस. कंपनीची ओळख सांगू नकोस, केंद्रचालकाला मदत करतो म्हण. मी हे निवृत्तीनंतर केलं, नोकरीत असताना करायला हवं होतं. मला काय दिसलं सांगू? एका पोर्टलवर सातबाऱ्याची फाइल शंभर केबीच्या आत मागितली होती. मोबाइलवर काढलेला फोटो तीन एमबीचा. मग केंद्रचालक काय करतो? गुगलवर शोधून कुठल्याशा फुकटच्या वेबसाइटवर तो कागद चढवतो, लहान करून घेतो आणि मग सरकारी पोर्टलवर टाकतो. दिवसाला साठ-सत्तर लोकांचे आधार, पासबुकं, जातीचे दाखले असे अनोळखी सर्व्हरवर जातात. सुरक्षा ऑडिटमध्ये ते पोर्टल उत्तीर्ण होतं! ही गळती त्यांच्या कुंपणाबाहेर होती, म्हणून कोणाच्या यादीत नव्हती. फोटो ब्राउझरमध्येच लहान करून घेणं तुझ्यासारख्याला एका दुपारचं काम आहे. तुमच्याकडे अशी अट असेल तर सगळ्यात आधी ते कर, बाकी पत्र नंतर वाच.

केंद्रचालकाची वहीही बघून घे. तो अर्ज क्रमांक हातानं लिहून ठेवतो, कारण एसएमएस येईल याची त्याला खात्री नाही. त्या वहीत तुमच्या पोर्टलचे सगळे दोष तारीखवार सापडतील.

आता तुझ्या वडिलांचा अर्ज. ‘नावात फरक’ एवढंच तू लिहिलंस, पण पत्राखाली तुझं पूर्ण नाव आहे. आडनाव छापत नाही, त्यात ‘ऱ्ह’ आहे एवढं वाचकांना सांगते. माझी खात्री आहे की फरक डोळ्यांना दिसतच नसणार. कुऱ्हाडे, गोऱ्हे, वऱ्हाडे ही नावं संगणकात किमान दोन तऱ्हांनी साठवली जातात. एकात ‘ऱ’ हे युनिकोडमधलं, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक यादीतलं, वेगळं अक्षर असतं, दुसऱ्यात साधा ‘र’, त्याला हलन्त आणि मधे न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखीच, संगणकाला दोन वेगळी माणसं. त्यात जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेला डेटा असेल तर तिसरी तऱ्हाही निघते. ‘ॲ’चंही तसंच, ते अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ साली. त्याआधीचे लोक ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवायचे. जुळणी करण्याआधी दोन्ही बाजूंची नावं एका रूपात आणायची, एवढाच उपाय. पण तो करायला मराठी वाचणारा माणूस लागतो, आणि ते पोर्टल बांधणाऱ्यांत तो नसावा किंवा त्याला कोणी विचारलं नसावं.

नावांवरून आठवलं. हाताचे सातबारे संगणकात भरताना लहान वारसाच्या नावामागे ‘अ.पा.क.’ असायचं, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. टंकलेखन करणाऱ्या मुलांना ते काय ठाऊक? आम्ही तपासायला गेलो तेव्हा एका गावात चांगली डझनभर मुलं ‘अपाक’ आडनावाची निघाली. यंत्राच्या दृष्टीनं त्यात काहीच चूक नव्हती. पुढे २०१७ च्या सुमाराला राज्यभर चावडी वाचन झालं. संगणकातला सातबारा गावासमोर मोठ्यानं वाचायचा आणि लोकांनी चुका सांगायच्या. मग दुरुस्त्या झाल्या आणि १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. राज्यात सुमारे अडीच कोटी सातबारे. चुका तरीही राहिल्याच, तलाठ्याला विचार. पण तपासायला गावाला बसवणं ही त्या सगळ्या कामातली मला पटलेली गोष्ट, आणि तिला एक लाउडस्पीकर पुरला.

नोकरीचं आता थोडक्यात. पगाराच्या बाबतीत तुला गोड बोलून काही सांगणार नाही, तिकडे जास्त मिळतो आणि घर चालवायला तो लागतो. माझं मत, पुढची एक शेवटची तारीख होईपर्यंत थांब. वर सांगितलेल्यातल्या तीन गोष्टी तरी तोवर बसव : बदलांचा तक्ता, अहवालांची वेगळी प्रत, फोटोचं काम. मग मुलाखतीत ‘मेंटेनन्स’ हा शब्द वापरायची गरज पडणार नाही. एका रात्रीत किती अर्ज आले, आधी साइट किती तास बसायची, आता किती, हे तीन आकडे सांग. समोरच्याचा चेहरा तरी पडला तर त्या कंपनीला रात्री साइट बसल्यावर काय होतं हे माहीत नाही, तिथे जाऊ नकोस. जुनं सांभाळणाऱ्यांची किंमत कधी कळते म्हणशील तर एप्रिल २०२० मध्ये न्यू जर्सीच्या गव्हर्नरना पत्रकार परिषदेत ‘कोबोल जाणणारे कोणी आहेत का’ असं विचारावं लागलं. बेकारी भत्त्याचे अर्ज लोंढ्यानं येत होते आणि यंत्रणा त्या १९५९ साली जन्मलेल्या भाषेवर उभी होती.

एका बाबतीत मात्र थांबायची गरज नाही. बदलांची नोंद ठेवायला टीम लीडनं सरळ नकार दिला, ‘मेल नको, फोनवरच कर’ म्हणाला, तर मोसम संपायची वाट बघू नकोस. त्या खुर्चीवर उद्या चौकशी आली तर लॉगिन तुझं असेल आणि फोनची नोंद कोणाकडेच नसेल.

जाशील तेव्हा मागे चाळीस पानं सोडू नकोस. सहा पुरतात. रात्री दोनला काय बघायचं, कोणाला उठवायचं, कुठल्या ओळीला का हात लावायचा नाही.

वडिलांच्या अर्जाला हात लावू नकोस. ‘एका ओळीचं काम’ आहे म्हणूनच नको. महिनाभर तू ते केलं नाहीस, त्याअर्थी तुलाही हे माहीत आहे. त्यांना केंद्रावरून रीतसर तक्रार टाकायला सांग, पावती क्रमांक घे, आणि टीममध्ये आधीच सांगून ठेव की हे माझे वडील आहेत, हे प्रकरण दुसऱ्या कोणाकडे जाऊ दे. तू नावांच्या जुळणीची दुरुस्ती लिही, सगळ्यांसाठी. ती चालेल तेव्हा ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’वाले जेवढे अडकलेत ते एकदमच सुटतील, आणि त्या यादीत कुठेतरी मधे तुझे वडीलही असतील. किती निघाले ते मला कळव, मला आकडा जाणून घ्यायचाय.

— ताई